जोडाखालचा कोंब

रस्ता रुंद करायचा म्हणून जुनी तुती पाडली, त्या सकाळी रोपवाटिकेतल्या कलमवाल्या बाईने ओल्या गोणपाटात चौदा काड्या गुंडाळून आणल्या. शहरातली पहिली शाळा याच तुतीच्या सावलीत भरली होती. दुपारपर्यंत खोडाच्या ढलप्या झाल्या. आणखी काडी मिळायची सोय उरली नाही.

बाईचा हात लागला की वाळकं लाकूडही पालवतं, असं लोक म्हणत. तीस वर्षं ती कलमंच बांधत होती. या चौदा काड्या तिने जंगली तुतीच्या मुळं धरलेल्या खुंटांवर बांधल्या. महिन्याभरात तेरा काळ्या पडल्या. चौदावीचा डोळा मात्र फुगला.

मग त्या कुंडीला तिने कुणाला हात लावू दिला नाही. काडी खुंटाला जुळते त्या जोडाखाली फुटलेले कोंब लगेच खुडायचे, नाहीतर सगळा रस तेच खातात, हे तिनेच कितीजणांना शिकवलं होतं. इथे धक्का लागून जोड सुटेल या धास्तीने तिने एक कोंब राहू दिला.

"चवड्यांवर काय चालताय जाऊबाई," रोपवाटिकेत पाणी घालणारी तिची धाकटी जाऊ म्हणाली. "झाड आहे ते, बाळंतीण नाही."

कोंब हातभर वाढला. वरचा डोळा सुकत गेला.

उद्यानाचे अधिकारी आले ते खूश होऊनच. "बाई, लाज राखलीत. उद्या उद्यानात लावू. जुन्या तुतीच्या नावाची पाटी रंगवून झालीय."

"साहेब, ही पानं त्या तुतीची नाहीत. खालच्या जंगली खुंटाची आहेत."

"कुणाला कळणार?"

"मला कळलंय."

"गप्प बसा ना," जाऊ कुजबुजली. "नाव तरी राहील झाडाचं."

बाईने काडीची साल नखाने खरवडली. तपकिरी. त्याखालीही तपकिरी. अगदी जोडापाशी दोऱ्याएवढी हिरवी रेघ दिसली. तिने सुरी काढली आणि तो पानांनी भरलेला कोंब बुडापासून उडवला. कुंडीत बोटभर उघडी काडी राहिली.

"अहो बाई! आता उद्या लावायचं काय?" अधिकारी म्हणाले.

जोडावर नवी पट्टी गुंडाळत बाई जाऊला म्हणाली, "आता रस हिलाच जाईल. आठ दिवसांत कळेल."

"आणि नाहीच फुटली तर?"

बाई पट्टीची गाठ आवळत होती. ती तिने दोनदा सोडून पुन्हा बांधली.