सांगून दिलेलं औषध

सिस्टर गोळी कधी नुसती हातावर ठेवत नसत. आधी पाकीट उजेडात धरायच्या, गोळीचं नाव मोठ्यानं वाचायच्या, ती कशासाठी आहे ते सांगायच्या, आणि मग तिच्या खोड्याही सांगायच्या. तोंड कोरडं पडेल, चार दिवस झोप जास्त येईल, वजन थोडं वाढेल. एवढं झालं की समोरच्याकडे बघून विचारायच्या, "मग, घ्यायची का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. मागे वीस माणसांची रांग असली तरी थांबायच्या.

रामदासपेठेतल्या एका मानसोपचाराच्या आणि व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीमागे बसतो. सिस्टरांचं टेबल माझ्या खिडकीला लागून होतं, त्यामुळे अकरा वर्षं त्यांचं हे पाल्हाळ मी रोज ऐकलं. माझा स्वभाव घाईचा. अहो, डॉक्टरांनी लिहून दिलंय, पेशंट घ्यायलाच आलाय, मग पुन्हा विचारायचं कशाला? एकदा दारू सोडायला आलेल्या एका ठेकेदारानं हेच बोलून दाखवलं. विचारता काहून, द्या नं सरळ, म्हणाला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "गोळी तुमच्या पोटात जाऊन राह्यली, माह्या नाही." ठेकेदार ओशाळला आणि त्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. रांग आणखी दहा मिनिटं लांबली.

दिसायला बाई अगदी साध्या. ठेंगण्या, पायांत कायम मोजे, आणि पर्समध्ये पेनांपेक्षा सेफ्टी पिनाच जास्त. पण कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ब्राउन शुगर सोडणारी पोरं सकाळी जिभेखाली ठेवायची गोळी घ्यायला येत. ती नर्ससमोरच विरघळवावी लागते. तेवढा वेळ त्या पोरांना बोलता येत नाही, म्हणून सिस्टर एकट्याच बोलत बसायच्या. वांग्याचा भाव काय, बसमध्ये कोण कोणाशी भांडलं. पोरं गालातल्या गालात हसत. आता गावाकडचे पेशंट मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून डॉक्टरांशी बोलतात. त्या सगळ्यांना फोन कसा धरायचा, हेही सिस्टरांनीच शिकवलं. पहिले सहा महिने डॉक्टरांना पेशंटच्या घरचा पंखाच जास्त दिसायचा.

माझ्यावरही त्यांचा डोळा असे. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात खिडकीमागे बसलेला माणूस गालात खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, धरून औषधं देतो, ही गोष्ट मला स्वतःलाही शोभत नव्हती. नागपुरात खर्रा सोडणं किती अवघड ते तुम्हाला ठाऊक असेल. कोपऱ्याकोपऱ्यावर घोटणारा बसलेला असतो. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. फक्त मी बोललो की काही कळलं नाही असं दाखवून पुन्हा बोलायला लावायच्या. शेवटी कंटाळून मी निकोटीनचा च्युइंगम सुरू केला. त्यांना सांगितलं की पूर्ण सुटला. "खोटं बोलून राह्यला," त्या म्हणाल्या, "पण च्युइंगम चालू ठेव." पुढे खरंच सुटला, पण ते श्रेय मी त्यांना तोंडावर कधी दिलं नाही. आता वाईट वाटतं.

तर, आता एका आईची गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक बाई माझ्या खिडकीवर यायची आणि एक पातळ औषध न्यायची. पाण्यासारखं, रंग नाही, चव नाही. ते तिच्या सव्वीस वर्षांच्या मुलासाठी होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज यायला लागले होते, शेजारचे आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटायचं, गोळी दिली तर तो फेकून द्यायचा. कोणीतरी तिला हा मार्ग दाखवला आणि तेव्हापासून ती ते औषध त्याच्या सकाळच्या चहात घालत होती. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, मुलाला घेऊन या. ती हो म्हणायची आणि एकटीच यायची. मी बाटली कागदात गुंडाळून द्यायचो. मुलगा बरा झाला होता, मग आपल्याला काय करायचंय, असं मला वाटायचं.

खरंच बरा झाला होता. रोज पहाटे मैदानावर धावायला जायचा आणि वस्तीत सगळ्यांना सांगायचा, मी औषधाशिवाय, मनाच्या जोरावर उभा राहिलो. आईला ते ऐकून आनंदही व्हायचा आणि भीतीही वाटायची.

मग त्याला नोकरी लागली. मौद्याच्या वीज प्रकल्पात, एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन म्हणून. पंधरा-वीस दिवसांनी रुजू व्हायचं होतं आणि राहायचंही तिकडेच, चौघांत एक खोली. आई खिडकीवर आली तेव्हा रडायच्या बेतात होती. चहा आता कोण करणार? तिचा बेत ठरलेला होता: खोलीतल्या एका मुलाला विश्वासात घ्यायचं, त्याच्याकडे बाटली द्यायची. सिस्टरांनी तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं. त्याला आधी सांगा, असं त्या म्हणाल्या. बाई म्हणाली, त्याला कळलं तर तो माझ्या हातचं पाणी पिणार नाही.

तेव्हा सिस्टर जे बोलल्या ते मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा नवरा प्यायचा. दारूशी जमत नाही अशी एक गोळी असते. ती माणसाला माहीत असताना, त्याच्या मर्जीनं द्यायची असते. सिस्टरांनी ती त्याला न सांगता कुटून वरणात घातली. तो एका लग्नात प्यायला, चेहरा लालभडक झाला, श्वास लागला, मांडवातच पडला. तीन दिवस दवाखान्यात होता. वाचला.

"मी नर्स हावो बाई, मले सगळं समजत होतं. तरी केलं," सिस्टर म्हणाल्या. "त्यानं दारू सोडली. पण मरेपर्यंत माह्या हातचं खाल्लं नाही. नऊ वर्षं मेसचा डबा खाल्ला, माह्यासमोर बसून."

पुढच्याच आठवड्यात आई मुलाला घेऊन आली. डॉक्टरांच्या खोलीत ती, तो, डॉक्टर आणि सिस्टर बसले. टपरीवरून चार चहा आले, ते द्यायला मी आत गेलो आणि नेमका तेव्हाच आईनं तोंड उघडलं. मुलगा कपाकडे बघत राहिला. किती दिवस, एवढंच त्यानं विचारलं. दोन वर्षं, ती म्हणाली. तो उठला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून तो घरात जेवेना. बाहेरून पुडे आणायचा, स्वतः फोडायचा आणि खायचा. औषध अर्थातच बंद. मी सिस्टरांवर चिडलो. चांगलं चाललेलं तुम्ही मोडलंत, असं सरळ बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रविवारी तुझी स्कूटर काढ.

रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो गच्चीवर टाकीला टेकून बसला होता, आमच्याकडे पाठ करून. सिस्टर गुडघे धरत वर चढल्या होत्या, त्यांना दम लागला होता. कोणी बसा म्हणालं नाही, म्हणून उभ्याच राहिल्या. शेवटी तोच बोलला, मागे न बघता. "म्हणजे मी बरा झालोच नाही. मले बरं केलं तुम्ही लोकांनी."

"औषध चहात होतं," सिस्टर म्हणाल्या. "पहाटे उठून धावायले तू गेला. ते कोणी चहात नव्हतं टाकलं."

सिस्टरांनी आजाराबद्दल थोडं सांगितलं, औषध एकदम बंद केलं तर आवाज परत येऊ शकतात, कोणती लक्षणं आधी दिसतात ते सांगितलं. आता महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, तेही सांगितलं. घ्यायचं की नाही ते तू ठरव, म्हणाल्या, आणि खाली उतरल्या. परत येताना स्कूटरवर मागे बसून त्या रडत होत्या. माझ्या पाठीला समजत होतं.

तो औषध न घेताच मौद्याला गेला. महिनाअखेरीला सिस्टर निवृत्त झाल्या. आम्ही त्यांना नारळ, शाल आणि मिक्सर दिला. भाषणाऐवजी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि बजावलं, "तो आला तर 'काहून एवढे दिवस' असं विचारू नको. बसव, पाणी दे." मग त्या वर्ध्याला बहिणीकडे राहायला गेल्या. त्यांच्या टेबलावर आता एक तरुण सिस्टर बसते. कामाला चोख आहे, रांग भराभर सरकते. मला या वेगाची अजून सवय झालेली नाही.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, तो आला. एकटा. गालफडं बसलेली, पाठीवर कामाची बॅग. मी काही विचारलं नाही, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं आपणहून सांगितलं: खोलीतली पोरं झोपली की भिंतीपलीकडून कोणी आपल्याबद्दल बोलतंय असं ऐकू येतं. "मांगच्या वेळी मले खरं वाटे. या वेळी ओळखलं. त्या सिस्टरनं सांगितलं होतं तसंच सुरू झालं." सुट्टी टाकून, सकाळची बस पकडून आला होता. डॉक्टरांनी त्याला तासभर वेळ दिला. इंजेक्शन की गोळ्या, हे त्यानं स्वतः ठरवलं. गोळ्या घेतल्या, सिस्टर कुठे आहेत ते विचारलं आणि गेला. कुठे चालला ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई खिडकीवर आली. तिला काही न्यायचं नव्हतं. काल तो घरी आला होता, म्हणाली. चहा मांड म्हणाला. ती करत असताना गॅसपाशी उभा राहिला, पातेल्यावरची नजर काढली नाही, तिनं साखर टाकली तेव्हाही डब्यात वाकून बघितलं. पण मग तिथंच ओट्याला टेकून त्यानं कप रिकामा केला.

मी लगेच वर्ध्याला फोन लावला. सगळं सांगितलं, तो एकटा आला ते, गोळ्या घेतल्या ते, पातेल्याकडे बघत राहिला ते.

"पिला नं?" सिस्टरांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हणालो.