पदराच्या गाठीतला नवरा

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. सत्तरचं दशक सरता सरता मी हरसूलच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले, आणि त्या खोडीचा पगार मिळायला लागला.

गरोदर बायकांचं रक्त काढायचं, एस.टी.नं नाशिकला पाठवायचं आणि कागद परत आला की गरमी कुणाला आहे ते कळायचं. गरमी म्हणजे नवरा-बायकोत एकमेकांना लागणारा रोग. पोटातल्या बाळालाही तो सोडत नाही.

डोंगरातल्या एका पाड्यावरची बाई अशीच कागदावर सापडली. वीस-बावीस वर्षांची, पाचवा महिना. आधीची दोन्ही बाळं मेलेलीच जन्मली होती. तिला पेनिसिलिनची सुई दिली. पण नवऱ्याला दिली नाही तर आजार तिला पुन्हा लागेल आणि हे तिसरंही हातचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा होता निफाडला, द्राक्षाच्या छाटणीवर. दर पंधरा दिवसांनी अंधार पडल्यावर घरी यायचा आणि पहिल्या गाडीने परत जायचा.

"त्याला घेऊन ये. सुई टोचेपर्यंत त्याला जवळ येऊ देऊ नकोस," मी म्हटलं.

तिच्या कार्डावर मी 'नवऱ्याला आणणे' असं दोनदा लिहिलं, दुसऱ्यांदा त्याखाली रेघही मारली. तिसऱ्या बाजाराच्या दिवशीही ती तपासणीला एकटीच आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"नवरा कुठंय?"

"आणलाय की." तिने पदराची गाठ सोडून टेबलावर मूठभर तांदूळ ठेवले. "त्याच्यावरनं सात येळा ओवाळलं. बघा."

पाड्यावर कुणी आजारी पडलं की त्याच्यावरून दाणे ओवाळून भगताकडे न्यायचे, आणि भगत दाणे बघून आजार सांगायचा. आजारी माणूस घरीच. मला हसता येईना की रागावता येईना.

"अगं, दाण्यांवरून आजार कसा कळेल?"

"माझं रगत तुमी नाशकाला धाडलं," ती शांतपणे म्हणाली. "मी गेली व्हती का?"

मी खुर्ची सोडून तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि एकेक विचारत गेले. नवरा म्हणे डोळे मिटून बसला होता, पोरासाठी आहे म्हणून जरासुद्धा हलला नव्हता. इतके दिवस मी त्याला चुकार समजत होते. त्याला जेवढं कळलं तेवढं त्याने केलं होतं. उंटावरून शेळ्या हाकत होते ती मी.

दोन दिवसांनी रजा टाकली आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निफाड गाठलं. विचारत विचारत बाग सापडली. तो कात्री घेऊन वेलीपाशी उभा होता. मी कोण ते सांगितल्यावर घाबरलाच.

"दाणं पोचलं नाय का?"

"पोचले. पण दाण्यांना सुई टोचता येत नाही हो."

तो हसला. मग बाजूला नेऊन आजार काय, कसा लागतो ते समजावलं. त्याने विचारलं, "म्हंजी पयली दोन माझ्यापायी गेली?"

प्रश्न विचारायचं काम माझं. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"आजारापायी," मी म्हणाले. "आणि तो आजार बरा होतो. चला."

त्याने कात्री पुसून मुकादमाच्या हातात दिली आणि तिथल्या सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागला. मला जवळजवळ पळावं लागलं.

होळीच्या आधीच्या बाजाराला ती पुन्हा आली. रांग मोडून थेट माझ्या टेबलाशी. पदराखाली काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"आता काय आणलंस?"

तांदूळ ठेवले होते तिथेच तिने ते गाठोडं ठेवलं. ते असं रडलं की सगळी रांग वळून बघायला लागली.

"दाणं नाय, बाई," ती म्हणाली. "आज अख्खाच आणलाय."