बाबांच्या हातून गेलेले आटे

अंगणात मोटरसायकलचं जुनं ऑइल काढून बाबा इंजिनखालचा बोल्ट कसत होते. बोल्ट घट्ट बसलेला मला दिसत होता, तरी त्यांचा पाना फिरतच राहिला. मग एकाएकी बोल्ट नुसताच गरगर फिरू लागला. बोल्ट धरून ठेवणारे इंजिनमधले आटे गेले होते.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात सत्तावीस वर्षं फिटर होते. धंतोलीतल्या दवाखान्यात केमोचे सहा डोस झाले आणि त्यांची बोटं बधिर झाली. शर्टाची बटणंसुद्धा आई लावून द्यायची. त्या दिवशी आई बाजारात गेलेली पाहून, ऑइल मीच बदलतो, म्हणाले होते.

नंदनवनातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे आम्ही गाडी ढकलत नेली. त्यानं बोल्ट काढला, तर त्याला ॲल्युमिनियमचा चमकता कीस चिकटून आला.

"कोन्या गधड्यानं कसला हा?"

बाबांनी मान खाली घातली. खोटं बोलणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहीत आलेली मी म्हणाले, "मी."

"ताई, इंजिन हाय हे, लोणच्याची बरणी नाही! काका, तुम्ही फिटर, अन् इले शिकवलं नाही काय?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कामगार संघटनेच्या पत्रकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. कॉलेजात असताना एका पत्रकात मी दोन गोष्टी फुगवून लिहिल्या, तर याच बाबांनी अख्खा गठ्ठा फाडला होता. "आपणच खोटं बोललो, तं भांडाचं कोन्या तोंडानं?" तो माणूस मला आता अडवेल, याची मी वाट पाहत होते. अडवावं, असं फार वाटत होतं.

"सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "ऐकतच नाही पोरगी."

मेकॅनिक हसला. भोक मोठं करून त्यानं नवे आटे पाडले, त्यात तारेची स्प्रिंग बसवली आणि पाना बाबांपुढे धरला.

"काका, आता तुम्हीच कसा."

बाबांनी दोन्ही हात खिशात घातले. "तिलेच कसू दे."

मी खाली बसून बोल्ट कसला. "एवढं बस काय, बाबा?"

"मले काय विचारून राहिली वं?" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा आई आली होती. बाबा तिला म्हणाले, "तुया पोरीनं आटे घालवले इंजिनचे."

"काहून हात लावतं वं त्याईच्या गाडीले?" आई माझ्यावर ओरडली. "आधीच त्याईच्या जिवाले चैन नाही."

बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी आईचं सगळं ऐकून घेतलं.