नदी वाचणारी एनिड मावशी

सिनेमावाले आमच्या गावात आले तेव्हा एनिड मावशी बासष्ट वर्षांची होती. नदीवर होड्या चालवणारी तिच्याइतकी जुनी माणसं फक्त दोन उरली होती, आणि त्यातल्या एकाला दिसत नव्हतं.

चित्रपट गमतीचा होता. पक्ष्यांची अंडी चोरणाऱ्या टोळीच्या मागे टीव्हीवरचा प्राणीवाला बॅरी फेनिक धावतो, अशी काहीतरी गोष्ट. फेनिकला अख्खा ऑस्ट्रेलिया ओळखत होता. विषारी साप हातात धरून हा माणूस हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा बोलायचा. पण होडीत बसला की दहा मिनिटांत हिरवा पडायचा. मी, तिची भाची, पबच्या स्वयंपाकघरातून मंडळींचं जेवण नदीवर न्यायची. त्याच्यासाठी फक्त कोरा टोस्ट आणि आल्याचा चहा. त्याची होडी मावशी चालवायची. ती म्हणायची, "सापाला घाबरत नाहीस आणि पाण्याला घाबरतोस? साप चावतो तरी, पाणी काय चावतं का रे?" तो ओकता ओकता हसायचा. आठवडाभरात माझं ऐकून सगळेच तिला मावशी म्हणायला लागले.

तिच्या मनावर मात्र एक ओझं होतं. शिकारीवर बंदी येईपर्यंत तिचा नवरा मगरी मारायचा आणि ती कातडी सोलून मिठात घालायची. शेकडो. मगरींवर जीव टाकणाऱ्या माणसाला हे कळलं तर तो आपल्या होडीत पाय ठेवणार नाही, असं तिला वाटे. पण लपवणं तिला जमेना. एका सकाळी चहा ओतताना तिने त्याला सगळं सांगून टाकलं आणि दुसरीकडे बघत बसली.

फेनिकने कप पुढे करून चहा मागितला. मग म्हणाला, "मावशी, मी त्यांना दुर्बिणीतून बघतो. तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी बघितलंय? मला नदी वाचायला शिकवा."

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत दोघं चिखलातल्या खुणा बघत हिंडायची. मगर कुठून सरपटत उतरली, किती मोठी, कधी उतरली, सगळं ती सांगायची. तो वहीत लिहून घ्यायचा.

दुसऱ्या आठवड्यात पाठलागाचा प्रसंग एकाच धक्क्यावर तीन दिवस चालणार होता. सिनेमावाल्यांतली लीआन नावाची मुलगी रोज सकाळी सात वाजता त्याच जागी वाकून कॅमेऱ्याच्या पेट्यांवरचा चिखल धुवायची. दुसऱ्या दिवशी मावशीला तिथून हातभर अंतरावर ताजी खूण दिसली. ती तडक दिग्दर्शकाकडे गेली आणि जागा बदला म्हणाली. तो म्हणाला, इथलं ऊन चांगलं आहे, बंदूकवाला पहारेकरी आहे, उद्याचाच तर प्रश्न आहे.

मावशी म्हणाली, "पहिल्या दिवशी मगर बघते. दुसऱ्या दिवशी वेळ लक्षात ठेवते. तिसऱ्या दिवशी जेवायला येते. उद्या तिसरा दिवस आहे."

दिग्दर्शकाने खांदे उडवले. तेव्हा फेनिक, जो कधी आवाज चढवत नसे, पेटीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "मावशी म्हणतात तर मी इथे काम करणार नाही. दुसरा फेनिक शोधा."

नाइलाजाने काम वरच्या वळणावर हलवलं. तिसऱ्या दिवशी मावशीने रिकाम्या धक्क्यावर लीआनच्या जागी एक बादली ठेवली, कडीला दोरी बांधली आणि टेकाडावर बसून ती दोरी हलवत राहिली. आम्ही सगळे मागे उभे. सात वाजून काही मिनिटांनी पाणी फुटून मगर उसळली. बादली, दोरी आणि धक्क्याची एक फळी, तिन्ही गेली. मावशीने वेळेवर हात सैल सोडला म्हणून बरं.

लीआनने मावशीचा हात धरला. दिग्दर्शक पुढे होऊन मावशीकडे आला, टोपी काढली आणि चुकलो म्हणाला. मावशीने त्याला चहा दिला.

फेनिकने हट्ट धरून तिला चित्रपटात घेतलं: चोरांना नदीच्या चुकीच्या फाट्यात नेऊन अडकवणारी नावाडीण. एकच वाक्य होतं, तेही ती चुकली. "पुढे वाट नाही" म्हणायचं, तर म्हणाली, "पुढे जा, मला काय." तेच ठेवलं. गावच्या सभागृहात रविवारी दुपारी चित्रपट लागला तेव्हा त्या वाक्यावर लोक इतके हसले की पुढची पाच मिनिटं कोणाला ऐकू आली नाहीत. मावशी तोंडावर रुमाल धरून बसली होती.

पण खरं काम नंतर झालं. फेनिकने त्याच्या वहीची प्रत वनरक्षकांना पाठवली आणि सोबत लिहिलं की हे सगळं एनिड ट्रँटर यांचं आहे. पुढची नऊ वर्षं नवे वनरक्षक नदी शिकायला आधी तिच्याकडे यायचे. शाळेत ती मुलांना सांगायची की पाण्याजवळ एकाच जागी दोनदा जायचं नाही.

शेवटच्या आजारपणात मी तिला विचारलं, त्या दिवसांत सगळ्यात काय आवडलं? मला वाटलं, पडद्यावर दिसले ते म्हणेल.

"मी जे केलं होतं ते ऐकून तो उठून गेला नाही," ती म्हणाली. "त्याने चहा मागितला. तेवढ्यानेच मला पुढची वर्षं मिळाली, बघ."

दर नाताळला लीआनचं पत्र येतं. आता ते मला येतं. तिला दोन मुली आहेत. थोरलीचं नाव एनिड.