गढीच्या दरवाज्यातला जन्म

आमची तहसील कचेरी गढीत होती. पाहुण्यांना त्याचं कोण कौतुक. मला मात्र रोज त्या उंच पायऱ्या चढून वीट आला होता. बुरुजातलं जुनं दप्तर खाली नव्या इमारतीत हलवा, असे दोन अर्ज मी स्वतः लिहिले होते.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी बोरी अरबकडच्या तांड्यावरून एक म्हातारे बाबा आले. नातीचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण चार दिवसांत कॉलेजात जातीचा दाखला द्यायचा होता आणि त्यासाठी घरातल्या कुणा वडीलधाऱ्याची जुनी जन्मनोंद हवी होती. बाबा शाळेत कधी गेलेच नव्हते. आशा उरली ती कोतवाल पंजीची, म्हणजे गावोगावच्या कोतवालांनी ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या वहीची.

"साल कोणतं?" मी खेकसलेच.

"साल कोणाले ठाव, बाई? माही याडी, म्हंजे माय, सांगे, गढीवर झेंडा चढला त्या साली झालो. मोळी विकाले आलती ते. कळा सुरू झाल्या, पण शिपायानं आत येऊ देल्लं नाही. दरवाज्यातच झालो."

सगळं वाळवीनं खाल्लं असणार, असं पुटपुटत मी बुरुजात शिरले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. भिंत इतकी जाड, की खिडकीत मी आडवी झोपले असते. झेंडा चढला म्हणजे सत्तेचाळीस; त्या सालच्या दप्तराची लाल फडकी सोडली. पानं पिवळी, पण कोरडी ठणठणीत, एकालाही वाळवी नाही. कुठल्या काळी कोणी ही भिंत रचली, आणि ती अजून कोतवालाचं अक्षर सांभाळत होती! मी थक्क झाले. अर्जांची लाजही वाटली.

तांड्याच्या पानांवर मात्र काहीच नव्हतं. दुपारी माझं डोकं चाललं: बाळ तांड्यावर झालंच नव्हतं, मग तिथं कसं सापडेल? मी या गावाची वही काढली. आईबापांची नावं, जात बंजारा, मुलगा. ठिकाण, गढीचा दरवाजा.

बाबा अजून उंबऱ्याबाहेरच उभे होते. "आत या ना," म्हटल्यावर चपला काढून आले. त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

"पोरगी जाते मंग नर्सिंगले," ते म्हणाले. बोट मात्र उचललं नाही. "याडीले आत येऊ देल्लं नाही, बाई. अन् मी पाहा, तवापासून आतच आहो."