वारं पडलं म्हणजे काय झालं

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. हे मी लाजून सांगत नाही. माय अंगठा लावते, बाबा चौथीत शाळा सोडून बैलांमागं गेले, आणि मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. भूगोलच काऊन घेतला असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर एस.टी.च्या खिडकीमुळं.

कॉलेज घाटावर, बुलडाण्याला. घर घाटाखाली, मोताळ्याच्या पुढं, धामणगाव बढेच्या अलीकडं. तीन वर्षं रोज घाट चढले आणि उतरले. दुपारच्या गाडीनं परत येताना एका वळणावर खालचं सगळं शिवार एकदम उघडं पडायचं, आणि तिथं घारी असायच्या. एरवी घार बघायची तर मान वर करावी लागते. त्या वळणावर ती आपल्या डोळ्यांसमोर असते. तिच्या पाठीवरचं ऊनसुद्धा दिसतं. पंख हलवत नाही, नुसती गोल फिरते आणि फिरता फिरता वर जाते. गाडी पुढं गेली तरी मी अर्धी मागं वळून बघत राहायची. कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, मान अवघडन."

मग वर्गात कळलं की घार काही करतच नाही. काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते, वर चढते, आणि घार त्या चढत्या हवेवर बसून जाते. वर जाता जाता तीच हवा थंडावते, तिच्यातल्या ओलाव्याचा ढग होतो. आणि जिथं हवा वरून खाली येते तिथं ती तापते, कोरडी होते, आभाळ मोकळं राहतं. एवढंच. पण त्या दिवसापासून मला रिकामी जागा रिकामी दिसेना. बांधावर उभी राहिले तरी वाटायचं, आपल्या आजूबाजूनं कुणीतरी जिने चढतंय, उतरतंय, आणि आपल्याला फक्त पदराचा वारा लागतोय.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. दसरा होऊन गेला होता. विहिरीजवळच्या तुकड्यातलं सोयाबीन कापून त्याची सुडी, उघड्यावरची गंजी, रचली होती. बाबांनी ती मुद्दाम वेगळी ठेवलेली, कारण तो तुकडा बियाण्याचा. पुढच्या पेरणीचं बी आम्ही त्यातूनच धरायचो. मळणीची मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. एक दुपार आणि एक रात्र, इतकंच निघायचं होतं.

मी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसले होते. ऊन असं की कापलेल्या रानावर हवा हलताना दिसत होती. पलीकडची तूर त्या हलत्या हवेतून पाण्याखालच्या शेवाळासारखी डुलत होती. आणि मग ती डुलायची थांबली. लिंबाचं पान हलेना. बाबा रुमालानं मान पुसत आले, घाटाकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, वारं पडलं."

हे दोन शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. वारं पडलं म्हणजे वारं थांबलं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात पुस्तक होतं. मला ऐकू आलं ते असं, की वारं खाली आलं. अंगावर काटा आला. वाटलं, जे आमचे सर फळ्यावर बाण काढून सांगतात ते माझा चौथी शिकलेला बाप दोन शब्दांत सांगतोय!

तेवढ्यात धुऱ्यापलीकडचे, शेजारच्या रानातले काका आले. त्यांचीही सुडी उभी होती.

"दादा, ताडपत्री लागते का तुमाले? माही उंदरानं कुरतडली ना. हे एवढं भोकाड."

बाबांनी जन्मात कुणाला सल्ला विचारला नव्हता, मायलेही नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणते तुहं पुस्तक? येते का पाणी?"

मी उठून उभी राहिले. बसून उत्तर द्यायचा तो प्रश्न नव्हता.

"नाही येत बाबा. हवा खाली पडली की आभाळ मोकळं राह्यते. तुम्हीच म्हणले ना, वारं पडलं?"

"म्हणलं खरं," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. ती आठी मी पाहिली होती.

"पोरगी एवढी शिकून राह्यली त खोटं थोडीच सांगन," काका म्हणाले आणि आमच्या ताडपत्रीची घडी खांद्यावर टाकून गेले.

त्यानंतरचा अर्धा तास मी आजही विसरले नाही, आणि सांगायला थोडी लाज वाटते की तो फार सुंदर होता. घाटाच्या डोक्यावर एक ढग उगवला. आधी पिंजलेल्या कापसाच्या गाठोड्याएवढा. मग त्याच्यातून दुसरं गाठोडं फुगून वर आलं, त्यातून तिसरं. मी बघत होते. आमच्या रानातली, विहिरीवरची, माझ्या कपाळावरची ऊब उचलून कुणी तिकडं वर रचत होतं. आवाज कशाचाच नव्हता. बैलांनी रवंथ थांबवला होता. ढगाचं टोक वर जाऊन चपटं झालं, पाटासारखं, तरी मला त्याचा अर्थ लागला नाही. मी नुसती बघत होते.

मग गार वारं आलं. पायांना आधी लागलं, माठ फुटून पाणी पसरावं तसं जमिनीवरून. कापलेल्या रानाचा पाला उठला, लिंब एका अंगावर वाकला, मातीचा वास आला. हवा खरंच खाली पडली होती, ढगातून, पावसाला हाताशी धरून. पुस्तकात हे पुढच्या पानावर होतं. मी मागच्या पानावर थांबले होते.

"पळ वो बाई!" मायनं रानातल्या घराच्या दारातून आरोळी दिली. ती बारदाने आणि दोन जुनी लुगडी घेऊन धावत आली. बाबा सुडीवर चढले. आम्ही तिघं चार कोपऱ्यांना पुरत नव्हतो. वीसएक मिनिटं पाणी पडलं आणि निघून गेलं. वर ऊनसुद्धा पडलं.

काका ताडपत्री परत द्यायला आले. त्यांची सुडी कोरडी ठणठणीत होती. बिचाऱ्यांना हसू आवरेना.

"दादा, काय म्हणावं आता! पोरगी तुमची शिकली अन् सुडी माही वाचली!"

मायही हसली. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते मला जास्त लागलं. सुडी गेली तर गेली, पण बाबा आता मला पुन्हा काही विचारणार नाहीत. त्या रात्री जेवताना ते मायशी मशीनवाल्याबद्दल बोलले, माझ्याशी नाही.

सकाळी सुडी फोडली. आतून वाफ निघाली, सरळ वर. बाबांनी कोपरापर्यंत हात घातला, मलाही म्हणाले, "घाल." आत गरम होतं, तापलेल्या पोरासारखं. "आज वाळलं त बी. नाही त चारा," ते म्हणाले. मशीनचा दिवस पुढं ढकलला. आम्ही सगळं सोयाबीन रानभर पसरलं, दिवसातून चारदा उलटलं. दाताळं मारून माझ्या हाताला फोड आले, आणि ते मी कुणाला दाखवले नाहीत.

आणि नशीब असं की त्यानंतर चार दिवस आभाळ धुतल्यासारखं निळं राहिलं. वरून कोरडी हवा उतरत होती, या वेळी खरी. खालच्या थरातल्या शेंगा काळवंडल्या, त्या वेगळ्या काढल्या. बाकीचं वाळलं. मळणी झाल्यावर बाबांनी थोडे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. काही दिवसांनी उघडलं तर निम्म्याहून बऱ्याच जास्त दाण्यांना पांढरे कोंब होते. बाबांनी बोटानं ते हलवून पाहिले, जसं नवं वासरू बघतात.

"दाट पेराव लागन," म्हणाले. "पण बी हाय."

बी अंगणात शेवटचं ऊन खात पसरलं होतं. दुपार झाली, आणि पुन्हा पान हलेना. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी पुस्तक मिटलं. बराच वेळ आम्ही दोघं घाटाकडं बघत होतो. तिथं एक पांढरा ठिपका होता, वाढतही नव्हता, विरतही नव्हता.

"काय वाटते, बाई?" बाबा म्हणाले.

मी आधी ठिपका बघितला, मग त्यांच्या कपाळाकडं बघितलं.

"मले वाटते, नाही येणार. पण तुम्हाले काय वाटते?"

"मलेही नाही वाटत."

"तरी ताडपत्री कोणाले देऊ नका."

"हाव," बाबा म्हणाले, आणि ताडपत्रीची घडी उशाला घेऊन तिथंच आडवे झाले.