मोकळ्या टाचेचं बाइंडिंग

सौदीतल्या यान्बूत आमच्या दारात काढून ठेवलेली चप्पल ऐन हिवाळ्यातही दुपारी तापते. अशा गावात राहून मी जवळजवळ वर्षभर स्कीच्या बाइंडिंगचा अभ्यास केला. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

आमच्या प्लांटवर एक नॉर्वेचा सहकारी होता. तो नोकरी संपवून कायमचा घरी निघाला, तेव्हा त्याने आपलं सामान वाटून टाकलं. कुणाला फ्रिज, कुणाला सायकल आणि मला स्कीची जोडी व बूट. मी पूर्वी एकदा जॉर्जियाला आठवडाभर बर्फावर घसरून आलो होतो आणि त्याच्यापुढे तेच तेच सांगत असे. शिवाय आमचे पाय एका मापाचे. फक्त बुटाला स्कीशी जोडणारं बाइंडिंग त्याने काढून घेतलं होतं.

"ते तू तुझं घे," तो म्हणाला, "पण टेलिमार्कचं घे."

नेहमीच्या स्कीत बूट पुढून आणि मागून जखडलेला असतो. टेलिमार्कमध्ये नुसता चवडा धरलेला, टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे सरकतो, मागची टाच उचलते आणि माणूस अर्धवट गुडघा टेकल्यासारखा खाली बसतो. टाच उचलता येत असल्यामुळे चढावर चालतही जाता येतं.

"तू करणार कुठे?" त्याने विचारलं. "रिसॉर्टवर, लिफ्टने वर जाऊन? की मोकळ्या डोंगरात, आपल्या पायांनी चढून?"

"दोन्ही," मी म्हणालो.

माझ्या माहितीतली जवळची लिफ्ट दुबईतल्या मॉलमध्ये होती, आणि मोकळ्या डोंगरात मी शेवटचा चढलो होतो तो कॉलेजात असताना, सिंहगड. पण तो भला माणूस, हसला नाही. "दोन्हीसाठी म्हटलं की अवघड होतं," एवढंच म्हणाला.

अवघड म्हटल्यावर मी पेटलोच. रिसॉर्टचं बाइंडिंग दणकट, जड, कडक स्प्रिंगचं. डोंगरातलं हलकं, चढताना सांधा मोकळा सोडणारं. मला दोन्ही गुण एकात हवे होते, शिवाय पडलो तर बूट सुटायलाही हवा होता. जेवणाच्या सुट्टीत मी लोकांचे व्हिडिओ पाही. घरी मोजे घालून स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघा वाकवून सरकण्याचा सराव करी. सुपरमार्केटात ट्रॉलीच्या आधाराने तेच करताना बायकोने मला पकडलं.

बायको इथल्या इंडियन शाळेत गणित शिकवते. "अरे, उठ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्या वर्गातल्या मुलीची आई बघतेय."

शेवटी एक बाइंडिंग ठरलं. नव्या पद्धतीचं, रिसॉर्टलाही चालणारं, डोंगरातही चालणारं, पडल्यावर सुटणारं. पार्सल आलं तेव्हा मी ते हॉलमध्ये सगळ्यांसमोर उघडलं. स्प्रिंगचा ताण, सांध्याची रचना यावर थोडं बोललोही. मी बोलत असताना आमची मुलगी त्या बुटाचं नाक बाइंडिंगमध्ये घालून बघत होती.

"बाबा, धिस इज नॉट गोइंग इन," ती म्हणाली.

"जोर लाव जरा."

"बाबा, शेपच वेगळा आहे."

खरोखरच वेगळा होता. बूट जुन्या पद्धतीचे, पुढे बदकाच्या चोचीसारखी चपटी पट्टी असलेले. नवं बाइंडिंग बुटाला तळव्याखालून धरणारं, त्याला चोच चालत नाही. मी जगातल्या यच्चयावत बाइंडिंगची माहिती काढली होती, पण घरात पडलेल्या बुटाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. प्लांटवर माझं कामच हे की पाइपाचा फ्लँज पंपाच्या फ्लँजला जुळतो का, ते ऑर्डर देण्याआधी बघायचं. तिथे कुणी अशी चूक केली, तर मी त्याला केबिनमध्ये बोलावतो.

नॉर्वेला फोन लावला. या वेळी तो हसला, आणि बराच वेळ हसला. मग म्हणाला, "साधं केबलवालं घे. पुढे चवड्याला खाच, मागून टाचेभोवती केबल. झालं."

ते मी पहिल्याच दिवशी जुनाट म्हणून बाद केलं होतं.

नवं परत पाठवलं, जुनाट मागवलं. बाल्कनीत बायकोने शिवणाची टेप लावून स्कीचा मध्य काढला आणि मी ड्रिल चालवलं. ते बसलं. आता बर्फ तेवढा हवा होता.

बर्फ तबूकला पडला. दर हिवाळ्यात कधीतरी तिथल्या जबल अल लौझवर, म्हणजे बदामांच्या डोंगरावर, पडतो. या वर्षी पडल्याची क्लिप मला तबूकच्या एका मित्राने पाठवली. हा मूळचा रत्नागिरीकडचा, तबूकमध्ये त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी रजा टाकली, स्की गाडीच्या टपावर बांधल्या आणि आम्ही तिघं उत्तरेला निघालो. वाटेत चेकपोस्टवरच्या पोलिसाने त्या बांधलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "एश हादा?" हे काय आहे?

माझं अरबी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि खलास, म्हणजे संपलं, यांच्या पुढे फारसं जात नाही. "सल्ज," मी म्हणालो, बर्फ. त्याने एकदा वर उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हाताने जा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मित्राने आम्हाला आपल्या पिकअपमधून डोंगरावर नेलं. इतकी वर्षं तबूकला राहून तोही पहिल्यांदाच वर येत होता. "वहिनी," तो बायकोला म्हणाला, "साहेब ह्ये पायाला बांधून जानार कुठं?"

"ते त्यांनाही अजून ठरवायचंय," बायको म्हणाली.

वर जत्रा भरली होती. जाड फरवे, म्हणजे लोकरी अस्तराचे झगे, अंगावर घेतलेली सौदी कुटुंबं चटया टाकून चहा पीत होती, पोरं गाड्यांच्या बॉनेटवर बर्फ थापत होती. बर्फ घोट्याएवढा, आणि त्यातून जागोजागी खडक डोकं काढून बसलेले. मी बूट चढवले, केबल टाचेमागे ओढून खटका बंद केला आणि चढावर चालू लागलो. टाच छान उचलली जात होती, पण स्की मागे सरकत होती. चढताना तळाला जे कापड चिकटवतात, ते मी आणलंच नव्हतं. शेवटी स्की खांद्यावर घेऊन चढलो.

खाली बरीच माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी "यल्ला! यल्ला!" म्हणजे चल, चल, असं ओरडलं. मी सुटलो, पुढचा पाय सरकवला, मागचा गुडघा वाकवला आणि ऐन त्या क्षणी पुढची स्की खडकाला अडली. टाच मोकळी असल्यामुळे मी सरळ तोंडावर गेलो. केबलवालं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, हे मला वाचून माहीत होतंच.

चार जणांनी उचलून मला चटईवर नेलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपला फरवा माझ्या खांद्यावर टाकला, हातात कहव्याचा पेला आणि खजूर दिला. मग त्याने माझ्या बुटांकडे आणि नंतर आपल्या नातवाकडे बोट दाखवलं. नातवाला फोटो हवा होता.

मी नातवाला बूट घातले, स्कीवर उभं केलं, केबल अडकवली. फोटो झाला. मग नातवाचे मामा आले, मग शेजारच्या चटईवरचे लोक, मग एक अख्खं कुटुंब. ज्याला बूट मोठा त्याला मोज्यांवर मोजे, ज्याला लहान त्याने टाच बाहेरच ठेवलेली. मी बर्फात एक गुडघा टेकून एकेकाच्या पायापाशी केबलचा खटका लावत होतो आणि सोडत होतो. बायको लोकांच्या फोनवर फोटो काढून देत होती.

"तुझी पोझ मात्र आता एकदम बरोबर जमलीय," ती म्हणाली. "गुडघा बघ कसा टेकलास."

मित्राचाही फोटो झाला. त्याने तो तिथल्या तिथे रत्नागिरीला पाठवून दिला.

ऊन वाढलं, बर्फ पाणी होऊ लागला, गाड्या उतरायला लागल्या. मुलगी पिकअपमध्ये जाऊन झोपली. सावलीत बर्फाची एक पट्टी राहिली होती. मी गुपचूप बूट घातले आणि वर गेलो. या वेळी कुणी ओरडलं नाही. सरकलो, डावा पाय पुढे गेला, उजवी टाच उचलली, गुडघा खाली आला आणि दोन्ही स्की उजवीकडे वळल्या. खडकाला वळसा घालून मी थांबलो. पडलो नाही. छाती इतकी धडधडत होती की आधी वाटलं, काहीतरी झालंय मला.

"वळलो!" मी ओरडलो.

बायको चटई झटकत होती, मित्र फोनवर कुठल्या तरी क्लच प्लेटचा भाव सांगत होता. दोघांचीही पाठ माझ्याकडे होती.

"काय म्हणालास?" बायकोने वळून विचारलं.

"वळलो. टेलिमार्क. आत्ता."

ती स्कीच्या खुणा बघायला दोन पावलं वर आली, पण चिखल-बर्फ एक झाला होता. "परत करून दाखव," ती म्हणाली. मी खाली पाहिलं. पट्टी संपली होती, पुढे नुसते दगड.

परत येताना पिकअपमध्ये हीटरसमोर मी ओले मोजे धरून बसलो होतो. घाट उतरून सपाटी लागल्यावर बायको म्हणाली, "खरंच वळलास?"

"खरंच."

"एकदाच?"

"एकदाच."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

तिने थर्मासमधला उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि मित्राला सांगितलं, "भाई, साहेब आज उजवीकडे वळले बरं का." मित्राने आरशातून मला बघून मान डोलावली आणि म्हणाला, "मग आज जेवन माझ्याकडे."